लेसर शस्त्रक्रियेने चष्मा सुटतो, पण कोणाचा?

चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांमध्ये महाविद्यालयीन तरुण, संगणकासमोर दिवसाचे दहा तास बसणारे नोकरदार आणि लग्न ठरलेली मुले-मुली यांचा भरणा मोठा असतो. ‘काही मिनिटांत चष्म्याला निरोप’ ही जाहिरातीतली भाषा फारशी खोटी नाही. लेसरचा किरण डोळ्यावर प्रत्यक्ष पडतो तो वेळ खरोखरच एका मिनिटाच्या आत-बाहेर असतो. मात्र शस्त्रक्रियेचे यशापयश या मिनिटात क्वचितच ठरते. ते ठरते त्याआधीच्या तपासणीत. कोणत्या डोळ्यावर लेसर करावयाचे आणि कोणत्या डोळ्यावर करावयाचे नाही, हा निर्णय अचूक झाला तर ही अत्यंत सुरक्षित शस्त्रक्रियांपैकी एक आहे. तो चुकला तर सुटलेला चष्मा महाग पडू शकतो. म्हणून या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने यंत्राच्या किमतीपेक्षा आपल्या डोळ्याची माहिती आधी करून घेणे हिताचे आहे.

नंबर म्हणजे काय आणि तो जातो कसा?

डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया किंवा पारपटल. बोलीभाषेत आपण ज्याला बुबुळ म्हणतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा बसविलेला हा पडदा असतो. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम एकटे पारपटल करते. उरलेले काम आतील नैसर्गिक भिंगाकडे असते. किरण नेमके मागच्या दृष्टिपटलावर एकत्र आले की चित्र स्पष्ट दिसते. डोळ्याची लांबी प्रमाणापेक्षा जास्त असेल, तर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे धूसर दिसते. हीच निकटदृष्टिता, म्हणजे ‘मायनस’ नंबर. याच्या उलट स्थितीत ‘प्लस’ नंबर लागतो. पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल तर सिलिंड्रिकल नंबर येतो.

लेसर शस्त्रक्रियेत डोळ्याची लांबी बदलत नाही. पारपटलाचा काही भाग अतिशय सूक्ष्म प्रमाणात काढून त्याचा बाक बदलला जातो. मायनस नंबर असल्यास मधला भाग थोडा सपाट करतात, प्लस नंबर असल्यास कडेचा भाग काढून मध्य अधिक उंचावतात. थोडक्यात, चष्म्याच्या काचेत घडविलेला आकार पारपटलावर घडविला जातो. काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे ही शस्त्रक्रिया कायमस्वरूपी असते. ती उलटी फिरविता येत नाही, हेही याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

तंत्राचा प्रवास

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालविण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. होजे बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या दिशेने पायाभूत काम केले. १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियात डॉ. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी पारपटलावर चाकूने किरणांसारख्या चिरा देण्याची पद्धत लोकप्रिय केली. पण तिचे परिणाम कालांतराने बदलत असल्याने ती मागे पडली.

खरे वळण आले ते एक्सायमर लेसरमुळे. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर हा लेसर वापरून पाहिला. शेजारचा भाग न जळता अत्यंत रेखीव छेद पडल्याचे त्यांना आढळले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण उतींना भाजत नाही. त्यांतील रासायनिक बंध तोडून त्यांचा थर अलगद उडवून देतो. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल ब्लम व जेम्स विन यांना या कामाबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान करण्यात आले. पुढे ग्रीसमधील क्रीट बेटावरील डॉ. इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखाली लेसर करण्याची पद्धत मानवी डोळ्यावर आणली. तीच आजची लॅसिक होय.

तीन पद्धती, तीन अनुभव

सध्या मुख्यतः तीन पद्धती वापरात आहेत. पहिली पीआरके. हीत पारपटलावरील सर्वांत वरचा, नैसर्गिकरीत्या पुन्हा येणारा नाजूक थर बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेसर केले जाते. झडप नसल्याने पारपटलाची मजबुती अधिक टिकते. म्हणून तुलनेने पातळ पारपटल असलेल्यांना किंवा ज्या खेळांत डोळ्याला मार बसू शकतो अशा खेळाडूंना ही पद्धत सुचविली जाते. मात्र पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखते आणि दृष्टी पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे लागतात.

दुसरी लॅसिक. हीत पारपटलाची सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीची झडप उचलून खाली लेसर करतात आणि झडप पुन्हा जागेवर ठेवतात. टाके लागत नाहीत. पूर्वी ही झडप यांत्रिक पात्याने कापली जात असे. आता अनेक ठिकाणी ती फेम्टोसेकंद लेसरने करतात. जाहिरातींतील ‘ब्लेडविरहित’ या शब्दाचा अर्थ एवढाच. दुखणे कमी आणि दृष्टी दुसऱ्याच दिवशी बरीचशी स्पष्ट, हे हिचे आकर्षण.

तिसरी स्माइल. हीत फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच एक पातळ चकती आखली जाते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती बाहेर काढतात. मोठी झडप नसल्याने ती सरकण्याचा धोका उरत नाही आणि कोरडेपणा तुलनेने कमी राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिला २०१६ मध्ये मान्यता दिली. प्लस नंबरसाठी मात्र हिचा वापर रूढ झालेला नाही.

यांपैकी सर्वांत महाग पद्धत ती सर्वांत चांगली, असा समज करून घेऊ नये. एकाच घरातील दोन भावंडांना दोन वेगळ्या पद्धती योग्य ठरू शकतात.

पारपटलाचा हिशेब

हे का, ते समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. आपल्या पारपटलाची मध्यभागाची जाडी साधारणपणे ५२० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एक डायॉप्टर नंबर घालविण्यासाठी त्यातील सुमारे १२ ते १५ मायक्रॉन भाग काढावा लागतो. झडपेचा भाग पुन्हा जागेवर ठेवला तरी पारपटलाला बळ देण्याच्या दृष्टीने तो फारसा उपयोगाचा राहत नाही. म्हणून झडप आणि काढलेला भाग वजा जाता खाली किमान २५० मायक्रॉन जाडी उरलीच पाहिजे, असा नियम आहे. अनेक शल्यविशारद ३०० चा आग्रह धरतात.

समजा, एकाचे पारपटल ५४० मायक्रॉन आहे आणि नंबर मायनस ४. झडपेचे ११० आणि लेसरचे ५६ वजा केले तर ३७४ मायक्रॉन उरतात. काळजीचे कारण नाही. दुसऱ्याचे पारपटल ४९० आणि नंबर मायनस ८. झडपेचे ११०, लेसरचे ११२, उरले २६८. नियम कागदोपत्री पाळला गेला, पण मूळ जाडीचा सुमारे ४५ टक्के भाग कामातून गेला. हे प्रमाण ४० टक्क्यांपुढे गेले की धोका वाढतो, असे मानले जाते. अशा माणसाला जाणकार डॉक्टर लॅसिकऐवजी दुसरा मार्ग सुचवितात. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे कृत्रिम भिंग बसविण्याची आयसीएल ही शस्त्रक्रिया हा त्यांपैकी एक. ते भिंग गरज पडल्यास काढताही येते. पण ही डोळ्याच्या आत शिरून केलेली शस्त्रक्रिया असल्याने तिचे धोके वेगळे आहेत.

कोणी करू नये?

वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि किमान गेले एक वर्ष नंबर स्थिर असावा, ही पहिली अट. नंबर वाढत असताना लेसर केले तर काही वर्षांत पुन्हा चष्मा लागतो. गर्भारपणात व बाळ अंगावर पीत असताना संप्रेरकांमुळे नंबर बदलतो, त्यामुळे त्या काळात थांबावे. आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीशी निगडित आजार, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, पूर्वी डोळ्याला झालेली नागीण, यांची माहिती डॉक्टरांपासून दडवू नये. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन ही गोळी तरुणांमध्ये बरीच घेतली जाते. ती डोळे कोरडे करते, म्हणून तिचाही उल्लेख आवर्जून करावा.

सर्वांत महत्त्वाचा नकार मात्र केरॅटोकोनसचा. या विकारात पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. भारतीय उपखंडातील लोकांत तो लक्षणीय प्रमाणात आढळतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील सुमारे ४,६०० जणांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पारपटलाच्या बाकाच्या निकषावर हे प्रमाण २.३ टक्के असल्याचे आढळले. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळण्याची सवय या विकाराला पोषक ठरते. सुरुवातीच्या अवस्थेत रुग्णाला काहीच जाणवत नाही. फक्त सिलिंड्रिकल नंबर वारंवार बदलत राहतो. अशा डोळ्यावर लेसर केले तर आधीच दुबळे असलेले पारपटल आणखी दुबळे होऊन फुगू लागते. याला एक्टेशिया म्हणतात. ही गुंतागुंत विरळा असली तरी झाल्यास गंभीर असते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही ती उद्भवू शकते आणि मग पारपटल घट्ट करणारी सी-थ्री-आर प्रक्रिया, विशिष्ट कठीण लेन्स, प्रसंगी पारपटल प्रत्यारोपण असा लांबचा प्रवास सुरू होतो.

तपासणीत काय व्हायला हवे?

तपासणीला जाण्यापूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात, कारण लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. ‘आजच तपासणी, आजच शस्त्रक्रिया’ ही सोय आकर्षक वाटली तरी लेन्स वापरणाऱ्याने तिच्यापासून दूर राहावे.

पूर्ण तपासणीस दीड-दोन तास लागतात. औषधाचे थेंब टाकून आणि न टाकता असा दोनदा नंबर काढला जातो. टोमोग्राफी यंत्रावर पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा घेतात. केरॅटोकोनसची पहिली खूण बरेचदा मागच्या पृष्ठभागावर दिसते. पारपटलाची जाडी, अश्रूंचे प्रमाण, डोळ्यातील दाब आणि अंधारातील बाहुलीचा आकार मोजला जातो. शेवटी बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहतात. मोठ्या मायनस नंबरच्या लांबट डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन कडेला विरविरीत झालेले किंवा छिद्रे पडलेली असू शकतात. त्यांवर आधी उपचार करावे लागतात. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवीत जाऊ नये.

शस्त्रक्रियेचा दिवस

त्या दिवशी डोळ्यांना काजळ, प्रसाधने आणि अंगाला अत्तर लावू नये. अत्तराची वाफ लेसरच्या कार्यात व्यत्यय आणू शकते. भूल म्हणून फक्त थेंब टाकतात, इंजेक्शन नसते. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी चाप बसविली जाते. झडप करताना डोळ्यावर कडे बसवून दाब दिला जातो. तेव्हा दडपल्यासारखे वाटते आणि काही सेकंद दिसणे मंदावते किंवा पूर्ण थांबते. हे अपेक्षित असते. घाबरून जाऊ नये. त्यानंतर समोरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहावयाचे असते. एक्सायमर लेसर चालू असताना टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा किंचित हलला तरी यंत्र त्याचा माग ठेवते आणि जास्त हलला तर किरण आपोआप थांबतो. दोन्ही डोळ्यांचे काम बहुधा एकाच दिवशी, अर्ध्या तासात आटोपते.

घरी गेल्यावर चार ते सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी येते, उजेड सहन होत नाही. झोप काढणे हाच उत्तम उपाय. पीआरके झालेल्यांच्या डोळ्यांवर चार-पाच दिवस संरक्षक लेन्स ठेवलेली असते. ती स्वतः काढू नये.

पहिले तीन महिने

पहिला आठवडा सर्वांत महत्त्वाचा. डोळे चोळावयाचे नाहीत, रात्री पारदर्शक ढाल लावून झोपावयाचे, डोळ्यांत नळाचे पाणी जाऊ द्यावयाचे नाही. डोक्यावरून अंघोळ आठवडाभर आणि पोहणे साधारण महिनाभर टाळावे. दुचाकीवर धूळ लागू नये म्हणून गॉगल वापरावा. होळीचे रंग आणि गणपती विसर्जनाचा गुलाल हे दोन्ही नव्या डोळ्यांचे शत्रू आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना पंचांगाकडेही नजर टाकावी. लग्न ठरलेल्यांनी मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर किमान दोन-तीन महिने आधी हे काम उरकावे. नियमित थेंबांतील स्टेरॉइड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापलीकडे चालू ठेवू नये. त्याने डोळ्यातील दाब वाढू शकतो.

कोरडेपणा ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार. पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले गेल्याने अश्रू कमी स्रवतात. बहुतेकांत ही तक्रार तीन ते सहा महिन्यांत कमी होते. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावे लागतात. दिवसभर वातानुकूलित कचेरीत संगणकासमोर बसणाऱ्यांना तो अधिक जाणवतो. रात्री दिव्यांभोवती वलये किंवा किरण फुटल्यासारखे दिसणे ही दुसरी तक्रार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या ‘प्राउल’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी समाधान व्यक्त केले होते. मात्र ज्यांना आधी अशी कोणतीही तक्रार नव्हती, त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी वलये, चकाकी यांपैकी किमान एक नवे लक्षण जाणवले. सुमारे ३० टक्क्यांना कोरडेपणा नव्याने जाणवला. दैनंदिन कामात फार अडचण यावी इतका त्रास झालेले एक टक्क्याहून कमी होते. समाधान आणि त्रास एकाच डोळ्यात नांदू शकतात, हे या आकड्यांवरून समजून घ्यावे.

जे लेसरने होत नाही

चाळिशी टळत नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या सुमारास आतील भिंगाची लवचीकता कमी होऊन वाचनासाठी चष्मा लागतो. त्याचा पारपटलावरील लेसरशी संबंध नाही. मायनस दोन-तीन नंबर असलेला चाळिशीतील माणूस चष्मा काढून वर्तमानपत्र वाचू शकतो. लेसरनंतर ती सोय संपते. त्यामुळे अडतीस-चाळीसच्या पुढे असलेल्यांनी आपण नेमके काय मिळवीत आहोत आणि काय देत आहोत, याचा विचार करावा. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा किंचित जवळसाठी ठेवण्याचा पर्याय असतो; तो सोसतो का, हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहता येते.

नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो. दृष्टिपटल निसटण्याचा जो धोका मोठ्या मायनस नंबरमुळे होता, तो लेसरनंतरही तेवढाच असतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजेसारखा लखलखाट किंवा पडदा आल्यासारखे दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पारपटल पातळ झाल्याने डोळ्यातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदूचे निदान हुकू शकते. पुढे मोतीबिंदू झाल्यास बसवावयाच्या भिंगाचा हिशेबही बदलतो. यासाठी शस्त्रक्रियेआधीचा नंबर, जाडी आणि नकाशे यांची फाईल आयुष्यभर जपून ठेवावी.

खर्च, विमा आणि नोकरी

खर्च पद्धतीनुसार आणि शहरानुसार बदलतो. सांगितलेला आकडा एका डोळ्याचा की दोन्हींचा, तपासणी, औषधे आणि वर्षभरातील फेरतपासण्या त्यात धरल्या आहेत का, नंबर थोडा उरल्यास पुन्हा लेसर करण्याचे पैसे वेगळे का, हे लेखी विचारून घ्यावे. आरोग्य विम्याबाबत भारतीय विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांत ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरसाठीच्या उपचारांचा समावेश आहे. त्याहून मोठ्या नंबरला विमा मिळेल का, हे आपल्या पॉलिसीतील अटींवर अवलंबून राहते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या भरतीत लेसर झालेले उमेदवार अपात्र ठरविण्यात आले आहेत. सैन्यदलांत शाखेनुसार वय आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळ यांच्या वेगळ्या अटी असतात. चष्मा आड येतो म्हणून लेसर केले आणि लेसरच आड आले, असे होऊ नये यासाठी संबंधित पदाची जाहिरात व वैद्यकीय निकष आधी वाचावेत.

डॉक्टरांना काय विचाराल?

माझे पारपटल किती जाड आहे आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? नकाशात काही संशयास्पद आहे काय? हीच पद्धत माझ्यासाठी का? दृष्टिपटल तपासले काय? शस्त्रक्रिया आपणच करणार आणि नंतरही आपणच पाहणार काय? या पाच प्रश्नांची उत्तरे समजतील अशा भाषेत आणि आकड्यांत मिळाली पाहिजेत. मिळत नसतील तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच बाळगू नये. तपासणीनंतर ‘तुम्हाला लेसर करू नका’ असा सल्ला मिळाला तर निराशा होणे स्वाभाविक आहे. परंतु तो डावलून ‘हो’ म्हणणारा डॉक्टर शोधत फिरू नये. चष्मा लावून सहा-सहा दिसणारा डोळा हा निरोगी डोळाच असतो आणि तो तसा राहणे, हे चष्मा सुटण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.